रब्बी ज्वारी आणि कडक भाकरी: दोन विस्तार प्रस्तावांच्या नोंदी

६ जानेवारी, सोलापूर

विस्तार कार्यासाठीच्या, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान गावापर्यंत नेण्यासाठीच्या, अनुदानाची जाहिरात आली. मुदत दोन वर्षं, कमाल रक्कम २० लाख, पोर्टल २८ फेब्रुवारीला बंद. विद्यापीठातल्या आमच्या विभागाकडून दोन प्रस्ताव जातील. पहिला मंगळवेढा आणि उत्तर सोलापूर तालुक्यांत कोरडवाहू रब्बी ज्वारीची प्रात्यक्षिकं घेण्याचा, तांत्रिक साथ कृषी विज्ञान केंद्राची. दुसरा बचत गटांतल्या महिलांसाठी कडक भाकरीच्या प्रशिक्षणाचा.

सगळ्यात आधी उलटं वेळापत्रक मांडलं. २८ तारीख विसरून जायची, आपली तारीख २० फेब्रुवारी. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रेंगाळतं, आणि तेव्हाच एखादं जोडपत्र स्कॅन करायचं राहिलंय हे लक्षात येतं. त्याआधी गड्ड्याची यात्रा, २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती. यात्रेच्या दिवसांत गावातली माणसं सोलापुरात आणि कर्मचारी रजेवर, त्यामुळे १२ ते १६ जानेवारी कोणतीही बैठक धरलेली नाही. वित्त विभागाला फाईल वाचायला कामाचे पाच दिवस लागतात. मार्च जवळ आला की तेवढेही पुरत नाहीत.

फाईलचा मार्ग: विभागीय छाननी समिती, नीती समिती (कामाची नैतिक बाजू तपासणारी), वित्त व लेखा विभाग, कुलसचिव, प्र-कुलगुरू, कुलगुरू. प्रत्येक टेबलाचा प्रश्न वेगळा असतो. छाननी समिती विचारते, हे काम आपलं आहे का. वित्त विभाग विचारतो, पैसे कमी पडले तर कोण भरणार. कुलसचिव विचारतात, विद्यापीठ कशाला बांधलं जातंय. टिपणीत या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने आली तर फाईल चालत राहते. नुसता प्रस्ताव जोडून वर ‘मान्यतेस सादर’ लिहिलं की ती शेरा घेऊन खाली येते.

९ जानेवारी

संकल्पना टिपण, एक पान. गरज कोणाची, काय करणार, कुठे, किती कुटुंबं, किती पैसे, आणि प्रकल्प संपल्यावर गावात काय उरणार. शेवटच्या प्रश्नाला ‘जनजागृती’ असं उत्तर आलं तर टिपण परत लिहायचं. ज्वारीच्या टिपणात उत्तर असं ठरलं: प्रत्येक गावात बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळणं) स्वतः करू शकणारे किमान पाच शेतकरी, आणि कोणत्या खोलीच्या जमिनीत कोणता वाण याचा गावाचा स्वतःचा तक्ता.

लाभार्थ्यांच्या आकड्याबद्दल ठाम राहावं लागतं. १,००० लिहिलं की प्रस्ताव भारदस्त दिसतो, पण माणूस एकच नेमता येतो आणि त्याला पाच गावं फिरायची असतात. १०० प्रात्यक्षिकं, प्रत्येकी ०.४ हेक्टर, म्हणजे हंगामाला ४० हेक्टर. एवढं एका सहायकाला नीट सांभाळता येतं. विद्यापीठाने शब्द दिला आणि बियाणं पोचलं नाही, तर ते गाव पुढच्या प्रकल्पाला दार उघडत नाही.

१९ जानेवारी

गावबैठका झाल्या. ज्वारी हुरड्यात आहे, म्हणून बैठक संपल्यावर थेट रानात जाता आलं. ताटं, कणसं आणि जमिनीतल्या भेगा समोर असल्या की शेतकरी नेमकं बोलतात. पेरणीआधीच्या बैठकीत हे होत नाही.

दोन गोष्टींनी प्रस्तावाचा आराखडा बदलला.

एक, कडबा. मसुद्यात फलनिष्पत्ती म्हणून फक्त धान्याचं उत्पादन होतं. जनावरं असलेल्या घराला कडबा धान्याइतकाच मोलाचा, आणि तो शेकड्यावर विकला जातो. धान्य वाढलं पण ताट आखूड राहिलं, तर त्याच्या लेखी वाण नापास. म्हणून मोजणीत कडबा घातला. पेंढ्या मोजायच्या नाहीत, वजन घ्यायचं, कारण पेंढी बांधणाऱ्याच्या हातावर लहानमोठी होते.

दुसरी, सातबारा. निधी देणाऱ्या संस्थेला महिला शेतकऱ्यांचा वाटा ३० टक्के हवा आहे. रान कसते ती बाई, सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. ‘लाभार्थीच्या नावाचा सातबारा आवश्यक’ अशी अट आपणच प्रस्तावात घातली तर या सगळ्या जणी यादीतून गळतात. त्याऐवजी खातेदाराचं संमतिपत्र आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव असे दोन रकाने ठेवले. जाहिरातीत खातेदारच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, हे शब्दन् शब्द वाचून खात्री केली आणि तो परिच्छेद टिपणीला जोडला.

आधारच्या प्रती गोळा करायच्या नाहीत. प्रस्तावाच्या टप्प्यावर त्यांची गरज नाही आणि सांभाळायची जबाबदारी मात्र येते. फोटोसाठी वेगळी सही घ्यायची.

२२ जानेवारी

निविष्ठांचं, म्हणजे बियाणं-खतांचं, गणित. अंदाजपत्रकातला हाच भाग सगळ्यात घाईने लिहिला जातो आणि रानात सगळ्यात आधी उघडा पडतो.

मसुद्यात सगळीकडे एकच वाण होता. कृषी विज्ञान केंद्राच्या सूचनेनुसार जमिनीच्या खोलीप्रमाणे तीन भाग केले: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, ६० सेंटिमीटरपेक्षा खोल भारी जमिनीला फुले वसुधा. शेजारचा तुलनेचा तुकडा शेतकऱ्याच्या नेहमीच्या मालदांडीचा. त्याच शेतातला, त्याच पेरणीचा. दुसऱ्याच्या रानाशी केलेली तुलना कोणी मानत नाही, आणि मानूही नये.

बैठकीतल्या याद्यांप्रमाणे १०० पैकी २० प्लॉट हलके, ५० मध्यम, ३० भारी.

बियाणं हेक्टरी १० किलो, म्हणजे प्लॉटला ४ किलो, एकूण ४०० किलो. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम, म्हणजे १ किलो ६०० ग्रॅम. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत किलोला २५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १० किलो. जिवाणू खताची मुदत असते, त्यामुळे त्याची खरेदी बियाण्याबरोबर उरकायची नाही. ते ऑगस्टअखेर मागवायचं. जिवाणू खत सगळ्यात शेवटी चोळायचं आणि बी सावलीत सुकवायचं, हेही प्रशिक्षणाच्या टाचणात घातलं.

खताची शिफारस (नत्र:स्फुरद:पालाश, किलोत) कोरडवाहूसाठी हेक्टरी हलक्या जमिनीला २५:०:०, मध्यम जमिनीला ४०:२०:०, भारी जमिनीला ६०:३०:०. मध्यम प्लॉटला नत्र १६ किलो, म्हणजे युरिया सुमारे ३५ किलो. स्फुरद ८ किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटची बरोबर ५० किलोची एक गोणी. हलक्या प्लॉटला युरिया २२ किलो पुरतो, भारी प्लॉटला ५२ लागतो आणि सुपर फॉस्फेट ७५. एकूण युरिया सुमारे ३,७४० किलो, सुपर फॉस्फेट ४,७५० किलो.

गोणी ४५ किलोची. प्रत्येकाला पुऱ्या गोण्या द्यायच्या म्हटलं तर भारी जमिनीवाल्यांना दोन लागतात आणि आकडा १३० गोण्यांवर जातो. गावातच काटा लावून वाटलं तर ८४ पुरतात. पाच गावांत थोडीफार उघडी गोणी उरणारच, म्हणून ९० धरल्या. २६६ रुपये ५० पैसे दराने २३,९८५ रुपये. वाटप पेरणीच्याच आठवड्यात, कारण उघडलेला युरिया हवेतला ओलावा धरून गोळा होतो आणि दोन चाड्यांच्या पाभरीच्या (बी आणि खत एकत्र पेरण्याच्या अवजाराच्या) नळीत अडकतो. या वाटपासाठी काटा लागतो, म्हणून तो उपकरणांत घातला.

बंदिस्त वाफ्यांबद्दल निर्णय: पहिल्या वर्षाच्या कामात ते दाखवायचे नाहीत. ते जुलैत करायचे असतात, म्हणजे पावसाचं पाणी जागीच मुरतं. मंजुरी आणि पहिला हप्ता जुलैपूर्वी येईल याची हमी कोणी देत नाही. पहिल्या वर्षी वाण, बीजप्रक्रिया, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमधली वेळेवर पेरणी आणि ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर. वाफे दुसऱ्या वर्षी. प्रस्ताव थोडा सपक दिसतो, पण यात लिहिलेलं सगळं करता येतं.

२७ जानेवारी

अंदाजपत्रक. तीन ठिकाणी आकडे सरळ करावे लागले.

ओलावामापकाचं दरपत्रक करांशिवाय २४,००० रुपये. जुन्या प्रकल्पाच्या तक्त्यातून उचललेल्या सूत्रात जीएसटी ५ टक्के होता. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. १८ टक्क्यांनी किंमत २८,३२० होते, म्हणजे एका उपकरणामागे ३,१२० रुपये कमी पडले असते. जुना तक्ता उघडला की सूत्रं आधी तपासायची.

घरभाडे भत्ता. या योजनेत प्रकल्प सहायकाला तो केंद्राच्या दराने मिळतो. सोलापूर शहर केंद्राच्या शहर-वर्गवारीत वाय वर्गात, म्हणून मसुद्यात २० टक्के धरला होता. पण भत्ता नेमणुकीच्या ठिकाणावर ठरतो. सहायक मंगळवेढ्यात राहणार असेल तर १० टक्के. २०,००० मानधनावर महिन्याला २,००० चा फरक, २४ महिन्यांत ४८,०००. नेमणुकीचं ठिकाण मंगळवेढा असं नोंदवलं. तालुका सोलापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. रोज ये-जा करणारा सहायक सकाळच्या फवारणीला कधीच पोचत नाही.

प्रशासकीय खर्च. जाहिरातीत ‘प्रत्यक्ष खर्चाच्या १० टक्के’. प्रत्यक्ष खर्च १८ लाख, म्हणून १,८०,०००, एकूण १९,८०,०००. मसुद्यात एकूण २० लाखांचे १० टक्के काढून २ लाख लिहिले होते. वरचे २०,००० छाननीत कापले जातात, आणि ते आपोआप दुसऱ्या बाबीत येत नाहीत. त्यापेक्षा ती जागा मोकळी राहिलेली बरी.

२ फेब्रुवारी

कृषी विज्ञान केंद्राचं संमतिपत्र आलं. ‘सर्वतोपरी सहकार्य’ एवढंच लिहून चालत नाही, म्हणून मसुदा आपणच दिला होता: कोणता विषयतज्ज्ञ, हंगामात किती भेटी, मानधन कोणत्या बाबीतून. ग्रामपंचायतींची पत्रं अजून यायची आहेत. त्यांवर जावक क्रमांक आणि तारीख आहे का ते घेतानाच पाहायचं.

५ फेब्रुवारी

कडक भाकरीचा प्रस्ताव. २० महिलांची एक तुकडी, १० दिवस, त्यांतले ८ दिवस प्रत्यक्ष काम, अशा तीन तुकड्या. प्रत्येकीला रोज १ किलो पीठ, म्हणजे तुकडीला १६० किलो, एकूण ४८० किलो.

खरेदी कक्षाला हे पीठ एकदम घ्यायचं होतं, एकच दरपत्रक आणि एकच बिल. ज्वारीच्या बाबतीत हे चालत नाही. दळून दिवस गेले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात आणि भाकरी तव्यावर तुटते. नव्याने शिकणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून ज्वारी एकदम घ्यायची आणि दळण दर दोन दिवसांनी. दळणाचा खर्च किरकोळ खर्चाच्या पावत्यांतून, त्यासाठी आगाऊ रकमेची परवानगी याच टिपणीत मागितली. ती नंतर मागितली तर प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याला पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न उभा राहतो.

बाजारात जाणाऱ्या मालाचे दोन दोष ठरलेले: भाकरी मऊ पडणं आणि वाहतुकीत मोडणं. मऊ पडते ती बहुतेक वेळा गरम असतानाच पिशवीत भरल्यामुळे, वाफ आत राहते. मंद आचेवर पूर्ण कडक करून, गार होऊ देऊन मगच सीलबंद करायची. मोडू नयेत म्हणून सगळ्या भाकरी एकाच व्यासाच्या हव्यात, म्हणजे गठ्ठा हलत नाही. म्हणून मापाच्या थाळ्या, सील करायचं यंत्र आणि पुठ्ठ्याची खोकी या बाबी घातल्या. अन्न सुरक्षा नोंदणीचं शुल्क गटांच्या नावाने दाखवलं, विद्यापीठाच्या नाही. धंदा त्यांचा आहे, परवानाही त्यांचाच हवा.

९ फेब्रुवारी

विभागीय छाननी समितीने दोन्ही प्रस्ताव पुढे पाठवले. समितीची एकच सूचना, आणि ती मोलाची: प्रश्नावली आधी मराठीत वाचून दाखवा. ‘आपण बीजप्रक्रिया अवलंबली आहे काय’ याला सगळे हो म्हणतात. ‘पेरायच्या आधी बियाण्याला काय लावलं?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. प्रश्न बदलले, इतिवृत्तावर सह्या घेतल्या.

१२ फेब्रुवारी

वित्त विभागाकडून तीन शेरे. तिन्ही रास्त.

पहिला, मागच्या प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. ते नमुना १२-अ मध्ये दिलेलं आहे, पण अनुदानावरचं व्याज परत भरल्याची पावती फाईलला नव्हती. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे ते व्याज केंद्राला जमा करावं लागतं. पावती काढून जोडली. जुन्या प्रमाणपत्रावर काही लोंबकळत असेल तर नव्या प्रस्तावावर सही होत नाही, म्हणून हे काम खरं तर पहिल्या आठवड्यातलं.

दुसरा, संस्थेचा वाटा. मसुद्यात विद्यापीठाची जीप वस्तुरूप वाटा म्हणून दीड लाखाला दाखवली होती. डिझेल आणि चालकाचा जादा कामाचा भत्ता कोणत्या लेखाशीर्षातून, असा प्रश्न. तशी तरतूद चालू अंदाजपत्रकात नाही. तरतूद नसलेली गोष्ट वाटा म्हणून लिहिली तर हिशेब तपासणीत ती विद्यापीठाच्या अंगावर येते. जीप काढली. सहायकाचा एसटी प्रवास आणि वाटपाच्या दिवसांपुरतं भाड्याचं वाहन प्रकल्पाच्या प्रवास बाबीत घातलं. संस्थेचा वाटा म्हणून प्रशिक्षण सभागृह ठेवलं, ते खरोखर देता येतं.

तिसरा सगळ्यात गंभीर: हप्त्यांचं वेळापत्रक. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, मळणी आणि शेवटची वजनं कधी कधी एप्रिलमध्ये. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी मळणी-मोजणीचे पैसे अखर्चित दिसतात. दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून, प्रमाणपत्र लेखापरीक्षणावर, आणि तोवर जुलै येऊन वाफ्यांची वेळ निघून जाते. म्हणून ५०-५० ऐवजी ६०-४० हप्ते मागितले. पहिल्या हप्त्यात दुसऱ्या वर्षाच्या जुलैतली वाफ्यांची मजुरीही धरली. शिल्लक पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी कशासाठी आणि किती, याचा वेगळा परिच्छेद लिहिला. पिकाचा दिनक्रम पाहिला की निधी संस्थेच्या वित्त विभागालाही हे पटतं, फक्त तो त्यांच्यासमोर महिन्यांसह मांडायला हवा.

१७ फेब्रुवारी

नीती समितीची मंजुरी. त्यांनी संमतिपत्रात एक वाक्य वाढवायला सांगितलं: प्रात्यक्षिकातून मध्येच बाहेर पडलं तरी दिलेलं बियाणं-खत परत मागितलं जाणार नाही. वाढवलं.

२० फेब्रुवारी

कुलगुरूंची मान्यता मिळाली. हमीपत्रात विद्यापीठ दोन वर्षांसाठी बांधलं जातं, त्यामुळे विषय व्यवस्थापन परिषदेसमोर जायला हवा, आणि पुढची बैठक २८ तारखेनंतर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १२(७) मध्ये तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना निर्णय घेऊन तो संबंधित प्राधिकरणाला कळवता येतो. त्या कलमाखाली मान्यता घेतली. हा मार्ग सवयीचा होऊ नये. यावेळी जाहिरातीची तारीख आणि बैठकीची तारीख शेजारी शेजारी टिपणीत लिहिल्या, म्हणून तातडी कशामुळे ते कागदावर दिसतं. परिषदेच्या पुढच्या विषयपत्रिकेत विषय घालण्याचं पत्र त्याच दिवशी दिलं.

२३ फेब्रुवारी

पोर्टलवर भरणा. हमीपत्रावर कुलसचिवांचा शिक्का सहीवर आल्याने स्कॅनमध्ये नाव वाचता येत नव्हतं, मूळ प्रत पुन्हा काढून घेतली. पोर्टलच्या रकान्यातली एकूण रक्कम आणि जोडलेल्या तक्त्यातली रक्कम एकच हवी. भाकरीच्या प्रस्तावात पोर्टल पैशांची पूर्णसंख्या करत होतं आणि एका रुपयाचा फरक पडत होता, म्हणून तक्ताच पूर्ण रुपयांत केला. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टमधला मजकूर तिथे वाचता येत नाही. पोचपावती फाईलला लावली, एक प्रत वित्त विभागाला.

१० मार्च

विषय परिषदेच्या विषयपत्रिकेत आला. निधी संस्थेकडून एक त्रुटी: तुलनेच्या तुकड्यांचा आकार लिहिलेला नाही. प्रत्येक प्लॉटशेजारी ०.१ हेक्टर असं उत्तर, कृषी विज्ञान केंद्राच्या सहीसह.

निकाल येईपर्यंतची कामं: बियाण्याची मागणी मे महिन्याआधी नोंदवायची, तीनही वाणांची वेगवेगळी आणि ४ किलोच्या पिशव्यांत. मागणी नोंदवणं म्हणजे खरेदी नव्हे, त्याला पैसे लागत नाहीत. पाचही गावांना कळवायचं की प्रस्ताव गेला आहे, मंजूर झालेला नाही. कोणीही या भरवशावर आपलं घरचं बियाणं मोडू नये.